पहिल्या पानावरचा मेल

शनिवार पेठ, पुणे
२९ सप्टेंबर २००२

प्रिय पूर्वा,

तुझा मेल येऊन तीन आठवडे झाले. तुझ्या आईच्या, राधाच्या पहिल्या स्मृतिदिनाला तिच्या आठवणींचं छोटं पुस्तक काढायचं, घरच्यांनी आणि शाळेतल्या मैत्रिणींनी एकेक पान लिहायचं आणि सगळं टाइप करायचं काम जुबेदामावशीकडे, म्हणजे माझ्याकडे, असं तू ठरवलंस. बाकीच्यांची पानं आली, टाइपही झाली. माझंच राहिलंय. चार वेळा कॉम्प्युटरसमोर बसले आणि चार वेळा उठले. शेवटी काल फुलस्केप कागद आणले आणि हाताने लिहायला घेतलं. हे एका पानात मावणार नाही, ते आत्ताच सांगून ठेवते.

तुझे बाबा त्यांचं पान द्यायला स्वतः आले होते. विश्रांतवाडीहून बसने मनपाच्या स्टँडपर्यंत आणि तिथून चालत, जशी तुझी आई यायची तसेच. त्यांनी अर्धंच पान लिहिलंय. वर 'सौ. राधाने संसारात मोलाची साथ दिली' वगैरे, पोस्टातल्या निरोप समारंभात बोलतात तसं. आणि अगदी खाली, वेगळ्या पेनने एक ओळ: 'ती गेल्यापासून मी रेडिओ लावलेला नाही.' मी ती ओळ तशीच टाइप केली. त्यांनी चहा घेतला, माझ्या कॉम्प्युटर क्लासमधल्या रिकाम्या खुर्च्यांकडे बघितलं आणि मग विचारलं, "पूर्वाचा तुम्हाला फोन येतो का?" मी म्हटलं, फोन नाही, मेल येतो. "बरं झालं," म्हणाले आणि पिशवी उचलून निघाले. एवढंच. सुखदेवरावांना तक्रार करता येत नाही, हे तुला माहीतच आहे.

दुर्गाचं पान मात्र सव्वा पान झालंय. तिने लिहिलंय की राधा लहानपणापासून हसतमुख, गोड स्वभावाची आणि सगळ्यांना सांभाळून घेणारी. वाचून मला हसू आलं. पाचवीत आमच्या वर्गातला पाण्याचा माठ दुर्गाच्या ताब्यात असायचा. आम्हा सगळ्यांना ती पेला द्यायची आणि राधाला ओंजळ करायला लावून वरून पाणी घालायची. तुझे आजोबा तात्याराव कुटुंबासह बौद्ध झाले त्याला तेव्हा चार वर्षं झाली होती, पण वर्गातल्या माठाला ते कुणी कळवलं नव्हतं. एक दिवस राधा म्हणाली, "दुर्गे, इतक्या वरून ओतून तुझा हात दुखत असेल. आण इकडे." माठातलं पाणी काढायचं ओगराळं तिच्या हातातून काढून घेतलं, पेला भरला, प्यायली, धुतला आणि माझ्या हातात दिला. बाईंनी वहीतून मान वर काढली नाही. दुर्गा तिची जन्माची मैत्रीण झाली ती त्यानंतर दोन वर्षांनी, आणि तेही राधाने होऊ दिली म्हणून. गेल्या महिन्यात दुर्गाने मला फोन करून विचारलं होतं, "ते माठाचं लिहू का गं?" मी म्हटलं, लिही. तिने लिहिलं नाही. तिला दोष देत नाही. गेलेल्या माणसाबद्दल लिहायला बसलं की आधी आपल्याच चुका खोडल्या जातात.

माझी तिच्याशी मैत्री पक्की झाली ती पानशेतच्या पुरानंतर. अब्बांचं बुकबाइंडिंगचं दुकान, म्हणजे आता जिथे बसून मी लिहितेय तेच, पाण्याखाली गेलं. लोकांची बांधायला दिलेली पुस्तकं गेली आणि माझं दप्तरही गेलं. शाळा पुन्हा सुरू झाली तेव्हा पुस्तकं मिळत नव्हती. राधाने तिचं सहावीचं मराठीचं पुस्तक माझ्यासाठी सबंध वहीत उतरवून काढलं. रोज दोन धडे. चित्रंसुद्धा काढली, बैलाला पाच पाय असलेली. एक कविता तिला आवडली नाही म्हणून तिने गाळली, आणि वार्षिक परीक्षेत नेमकी तीच आली. चाळीस वर्षं मी तिला त्यावरून बोलत होते. ती म्हणायची, "कविता वाईट होती जुबी. तुझे चार मार्क गेले, पण कान वाचले."

मला जुबी म्हणणारी ती एकटीच. अम्मी-अब्बा गेले, धाकटा भाऊ इरफान मला आपा म्हणतो, त्याची मुलं फुप्पी म्हणतात, क्लासची मुलं मॅडम. मला एकेरीत हाक मारून हाताला धरून उठवेल असं आता या शहरात कुणी नाही. हे तुझ्या पुस्तकासाठी नाही, असंच लिहिलं गेलं.

मॅट्रिकनंतर आम्ही दोघी अप्पा बळवंत चौकात टायपिंग शिकलो. तिला सरकारी कचेरीत नोकरी लागली, लग्न झालं, तू झालीस. माझं लग्न दोनदा ठरलं आणि दोनदा राहिलं. मग अब्बांच्या दुकानात सहा मशीन टाकून मी टायपिंगचा क्लास काढला. त्र्याण्णव साली तिच्या कचेरीत पहिला कॉम्प्युटर आला, ते तुला आठवत असेल. दोन महिने तो टेबलक्लॉथखाली झाकून होता. दसऱ्याला त्यांच्या जयसिंग शिपायाने त्याला हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. सगळे प्रसाद घेऊन पांगायला लागले तेव्हा राधा म्हणाली, "कुंकू लावून झालं असेल तर चालू करू या का?" आणि तिनेच तो चालू केला. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी ती शिकली, आणि मग माझ्या मागे लागली की ही टकटक बंद होणार आहे, मशीन विकून टाक, कॉम्प्युटर घे. मी रडले होते मशीन विकताना. ती शेजारी उभी राहून भंगारवाल्याला दटावत होती, नीट उचल म्हणून. तू इंजिनिअर झालीस आणि अठ्ठ्याण्णव साली अमेरिकेला गेलीस, त्याच वर्षी मी दुकानात इंटरनेट घेतलं. दर शनिवारी राधा यायची, कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर बसायची आणि रोमन अक्षरांत मराठी टाइप करून तुला मेल पाठवायची. पाठवण्याआधी मला वाचून दाखवायची. तुझं उत्तर आलं की तेही वाचायची. तीन वर्षं मी तुझ्या घरातले पडदे, तुझ्या साहेबांचं बोलणं, तिथला बर्फ, सगळं ऐकत आले.

गेल्या वर्षी जूनमध्ये तिच्या पोटातल्या गाठीचं निदान झालं. त्याच महिन्यात तुझी नोकरी गेली. ऑगस्टमध्ये दुसरी मिळाली, पण व्हिसाचे कागद व्हायचे होते, आणि मध्येच देश सोडलास तर परत आत घेतील की नाही याची कुणी खात्री देत नव्हतं. राधाने आम्हा दोघांना समोर बसवलं. "पूर्वाला कळता कामा नये. आली तर तिथलं सगळं जाईल." तुझ्या बाबांनी दोनदा विरोध केला. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "अहो, मी आयुष्यात तुमच्याकडे काय मागितलं?" मग त्यांनी विरोध सोडला. तुझ्या रविवारच्या फोनला ती पाठीला उशी लावून ताठ बसायची, कारण आडवं पडून बोललं की आवाजावरून कळतं म्हणे.

शनिवारी येणं जमेना तेव्हा मी विश्रांतवाडीला जायला लागले. ती सांगायची, मी शॉर्टहँडमध्ये उतरवून घ्यायचे आणि इथे येऊन तिच्या नावाने टाइप करायचे. ऑक्टोबरच्या मध्यापासून औषधांनी तिला ग्लानी येऊ लागली. एकदा तीन वाक्यं सांगून दमली आणि म्हणाली, "तूच लिही काहीतरी. माझ्यासारखं." मी लिहिलं. पुढच्या आठवड्यातही लिहिलं. हुबेहूब तिच्यासारखं जमलं. खरं सांगू का पूर्वा, मला ते आवडायला लागलं होतं. 'प्रिय आई' म्हणून तुझं उत्तर यायचं, आणि या रिकाम्या दुकानात बसून ते मी वाचायचे. मला कुणी असं काही म्हटलेलं नव्हतं.

शुक्रवारी, दोन नोव्हेंबरला, तुझा मेल आला. 'आई, रविवारी तुझा आवाज बरा वाटला नाही. खरं सांग. मी येऊ का? तू नुसतं हो म्हण, कागदांचं बघता येईल.' त्याचा प्रिंट घेऊन मी तिच्याकडे गेले. ती झोपेत होती. तासभर तो कागद हातात धरून बसले. तिला उठवलं नाही. बाबांना दाखवला नाही. परत आले आणि उत्तर लिहिलं. 'वेडी आहेस का? साधा खोकला आहे. मी कुठे पळून चाललेय? कागद पुरे कर आणि सावकाश ये. मी इथेच आहे.'

सोमवारी पुन्हा गेले तेव्हा बाबा औषध आणायला बाहेर पडले होते. राधा जागी होती, डोळे स्वच्छ होते. चमच्याने दोन घोट पाणी घेतलं आणि म्हणाली, "जुबी, पूर्वाला बोलाव आता. पुरे झालं." मी म्हटलं, आजच कळवते. तिने माझा हात दाबला. मी लगेच तिथल्या फोनवरून नंबर फिरवायला हवा होता. फिरवला नाही. तीन दिवसांपूर्वी आईच्या नावाने 'येऊ नको' लिहिलं, आता कुठल्या तोंडाने 'ये' सांगू, हेच डोक्यात होतं. उद्यापर्यंत काहीतरी सुचेल, एकदम ताप वाढला असं सांगता येईल, असं ठरवून घरी आले. मंगळवारी सकाळी सातला तुझ्या बाबांचा फोन आला.

सोमवारी कळवूनही तू पोचली नसतीस, हे मला कळतं. पण शुक्रवारी खरं लिहिलं असतं तर पोचली असतीस. तू सगळं पणाला लावून आलीस तेव्हा तीन दिवस उलटून गेले होते. पुण्यानुमोदनाच्या, श्रद्धांजलीच्या कार्यक्रमात तू तो मेल वाचून दाखवलास. 'मी इथेच आहे' या वाक्याला दुर्गा हमसून रडली. मी मागच्या रांगेत बसले होते. मग सगळ्यांसमोर तू बाबांना म्हणालीस, "तुम्हाला एक फोन करता आला नाही?" तेव्हाही मी उठले नाही.

आता पुस्तकाच्या पहिल्या पानावर 'आईचं शेवटचं पत्र' म्हणून तोच मेल छापायला तू पाठवलायस. बाकी सगळं टाइप झालंय, ते पान मला करवत नाही. ते तिचं नाही, माझं आहे. तुझ्या बाबांना तुझा प्रश्नही माहीत नव्हता आणि माझं उत्तरही. ते अजून समजतात की राधानेच तुला थांबवलं. वर्षभर तू त्यांना फोन करत नाहीस आणि ते माझं ओझं वाहतायत. हे पत्र त्यांना वाचून दाखव. पुस्तकातून माझं नाव काढायचं असेल तर काढ, माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस, पण आधी त्यांना फोन कर. आणि पहिल्या पानावर काही हवंच असेल तर तिचे खरे शब्द घाल, मी वर लिहिलेत ते, जसेच्या तसे. तिने तुला येऊ नको म्हटलं नव्हतं, पूर्वा. तिने तुला बोलावलं होतं.

अजून म्हणू देणार असशील तर, तुझीच
जुबेदामावशी