मेबलचा दाखला

८ जानेवारी
रॉइस आज कराचे कागद टेबलावर पसरून बसला होता. मी भांडी घासत होते. म्हणाला, "करवाल्याला विचारलं. मूल जिवंत जन्मलं, मग मिनिटभर का जगेना, त्या वर्षी कुटुंबात धरतात. पूर्ण सूट. फक्त जन्माचा दाखला जोडायचा."
ऑक्टोबरनंतर आज पहिल्यांदा त्याने आमच्या मेबलचा विषय काढला. तोही असा — 'मूल' म्हणून. मला राग यायला हवा होता. आला नाही. 'दाखला' तेवढा डोक्यात राहिला. त्यावर नाव छापतात.

१४ जानेवारी
दाखल्यासाठी कोर्टाच्या इमारतीत जाऊन आले. खिडकीतली बाई वाईट नव्हती. "दवाखान्यात झालं असतं तर कागद आपोआप आले असते. घरी झालं की सगळं तुम्ही सिद्ध करायचं." मी गरोदर होते याचा पुरावा — आहे, एकदा डॉक्टरकडे गेले होते. इथे राहतो याचा — विजेचं बिल. आणि बाळाला जिवंत पाहिलेला साक्षीदार, नोटरीसमोर, शपथेवर.
"तुम्ही पाहिलंच असेल ना?"
काय सांगू? माझी शुद्ध गेली होती. रॉइस ओढ्यापलीकडे — पुलावर पाणी चढलेलं, तो फोन लागेल अशी जागा शोधत फिरत होता. खोलीत फक्त ओलिटा आत्या. रॉइसची आत्या, ओझार्कच्या या डोंगरातल्या निम्म्या पोरांची सुईण. तिनेच सांगितलं — रडली, एकदा, मांजराच्या पिल्लाएवढा आवाज. त्या एका वाक्यावर मी हा हिवाळा काढतेय.
बाई म्हणाली, "जन्माची नोंद नाही तर मृत्यूचीही होत नाही."
मग चर्चमागे आम्ही पुरलं ते कोण?

१५ जानेवारी
उठलेच नाही.

२१ जानेवारी
आत्याकडे गेले. चुलीवर घेवडा आणि डुकराचं हाड शिजत होतं. माझ्याकडे पाठ करूनच ऐकत राहिली.
"सुईणपणाचं लायसन नाही माझ्याकडे. सही केली की शेरीफ दारात उभा."
"एकच वाक्य लिहायचंय, आत्या. रडली होती, एवढंच."
"जेवून जा, पोरी."
जेवले नाही. येताना गाडी रस्त्याकडेला लावून बसून राहिले. इतकी बाळंतपणं केली हिने, आणि माझ्याच वेळी भीती वाटते!

३ फेब्रुवारी
रॉइस तिच्याशी भांडून आला. "म्हटलं तिला, पकडलं तर वकील मी देईन. ट्रक विकेन."
"ट्रक विकणार? मग सूट मिळून उपयोग काय?"
तो बराच वेळ बुटाची नाडी सोडत राहिला. मग म्हणाला, "सूट गेली खड्ड्यात. ती रडली तेव्हा मी तिथे नव्हतो, व्हर्ना. कुणीतरी सरकारी माणसाने लिहून द्यावं, की रडली."
मला वाटत होतं, याचं दुःख कधीच संपलं. जवळ जायला हवं होतं. पाय उचलले नाहीत.

१० फेब्रुवारी
आत्याचा निरोप आला. गुरुवारी बँकेत येते, तिथे नोटरी असते. रॉइसने दाढी केली, आजच.

१२ फेब्रुवारी
आत्या रविवारी चर्चला घालते तो झगा घालून आली होती. नोटरीने कागद वाचून दाखवला. 'बाळ जिवंत जन्मले हे मी स्वतः पाहिले.' मग म्हणाली, "उजवा हात वर करा."
आत्याने हात वर केला. थोडा वेळ तसाच. मग खाली घेतला, पर्स उचलली आणि बाहेर गेली.
रॉइस मागे धावला. बँकेच्या दारातच तिला म्हणाला, "तुरुंगाची एवढी भीती? आमच्या पोरीपेक्षा मोठी?"
ती ट्रकमध्ये जाऊन बसली. तिला घरी सोडलं. उतरताना माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मी तो बाजूला केला.
संपलं. आता कुणाला विचारायचं? दुसरं कोणी नव्हतंच तिथे.

१७ फेब्रुवारी
रॉइस कामावर गेल्यावर आत्या आली. तिने सांगितलं, मेबल रडली नव्हती.
तेव्हा माझं रक्त थांबत नव्हतं. डोळे मिटत चालले होते, हाकेला ओ देत नव्हते. "तुला धरून ठेवायला दुसरं काहीच नव्हतं गं माझ्याकडे," म्हणाली. "म्हणून म्हटलं, पोरगी रडतेय, तिला आई हवीय. तेव्हा तू डोळे उघडलेस."
संध्याकाळी रॉइसने विचारलं, अजून एकदा आत्याला गळ घालू का? नको म्हटलं. म्हातारी आहे, तुरुंगाला घाबरते, सोडून दे.
"पण रडली होती," तो म्हणाला.
"हो," म्हटलं. "एकदा."