खाली येणारे पाते

सोलापूर
कार्तिक अमावास्या, शके १८५६

चिरंजीव जोतीराम भावजी यांस वहिनी मथुराबाईचे आशीर्वाद.

पत्र पोचले. इकडे सर्व क्षेम आहे असे लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते. आत्याबाईंचे, तुमच्या आईचे, गुडघे थंडीने धरतात. ज्वारी बरी आली. मुंबईची हवा तुम्हाला मानवते हे वाचून आनंद झाला. खोटा का होईना, झाला.

ते तुटलेले पाते रेल्वे पार्सलाने पाठवा म्हणता. कंपनीचे साहेब लोखंड तपासतील, खोट लोखंडात निघाली तर तुमच्या नावावरचा डाग जाईल, तुमच्या पंख्याचा नकाशा ते पुन्हा हातात धरतील. सगळे समजले. चौथीपर्यंत शिकले आहे, एवढे समजते.

आधी तुमच्या पंख्याची बातमी सांगते. मिलवाल्यांनी तो उतरवून भंगारात टाकला. पिंजणखात्यात पुन्हा जुना, सपाट पात्यांचा पंखा बसवला आहे. तुमचा पंखा कापसाचा धुरळा ओढून न्यायचा, माणसे मोकळा श्वास घ्यायची. आता परत खोकतात, आणि खोकता खोकता तुम्हालाच शिव्या घालतात. जोत्याच्या पंख्याने सख्खा भाऊ खाल्ला म्हणतात. मी ऐकून घेते.

ती पाती तुम्ही आपल्याच अंगणात केलीत. बुडाशी उभी, टोकाकडे आडवी होत गेलेली. टोक बुडापेक्षा जास्त पळते, म्हणून पाते असे पिळावे लागते, हे तुम्ही मला चुलीपाशी बसून लाटणे फिरवून समजावले होते. कुंभाराचे मडके वाजवतात तसे एकेक पाते वाजवून ऐकलेत. सोनाराचा तराजू आणून पात्याला पाते तोललेत, जड असेल ते कानसीने घासलेत. गुंजभर फरक चालत नव्हता तुम्हाला.

तुमचे दादा कामावरून आले, तुमच्याशेजारी उकिडवे बसले आणि म्हणाले, "येवढं तोलायचं कशापायी रं?"

तुम्ही मान वर केली नाहीत. "तुला कळून काय करायचंय? तू आपला तेल घाल की."

ते हसले. धाकटा भाऊ मुंबईहून शिकून आला म्हणून गावभर पेढे वाटणारा माणूस, तो काय रागावणार? राग मला आला. तो अजून आहे.

पंखा बसला आणि त्याला तेल घालायचे काम त्यांच्याकडेच आले. मिलमध्ये अमावास्येला यंत्रापुढे नारळ फुटतो, शेंदूर लागतो, तुम्हाला ठाऊक आहे. पहिल्या अमावास्येला पंखा थांबला तेव्हा जे पाते खाली होते त्याला यांनी तेलात कालवलेला शेंदूर लावला. पुढच्या अमावास्येला पंखा थांबला, तर तेच पाते खाली. त्याच्या पुढच्यालाही तेच. घरी आले ते डोळ्यांत पाणी घेऊन. "आगं, सोताहून खाली येतंय बग. मारुतीराया हाय त्यात." मग काय, दर अमावास्येला लेपावर लेप. खात्याचा मुकादम येडू जॉबर आणि खात्यातली सगळी माणसे हात जोडून उभी.

गेल्या वर्षी दिवाळीला तुम्ही आलात, पंखा बघायला गेलात. लेप पाहिलात. ते पाते खाली का येते हे तुम्हाला एका नजरेत कळले असेल. तुम्ही काय केलेत? हसलात. "लाव की दादा, लई लाव. देवाचं पोट भरू दे." घरी येऊन जेवताना तीच गंमत आत्याबाईंना सांगितलीत आणि मुंबईची गाडी धरलीत.

यंदा आषाढात पाते बुडाशी तुटले. तुमचे दादा खाली तेलाचे भांडे घेऊन उभे होते. घरी आणले तेव्हा तोंडावरून पटका काढू दिला नाही मला कोणी.

येडूने मागाहून भंगारातून दोन पाती आणून दिली, एक तुटलेले आणि एक शाबूत, नदीत सोडा म्हणाला. मी एका हातात एक, दुसऱ्या हातात दुसरे धरले. तुटलेल्यावर बोटभर जाडीचा शेंदूर होता, दगडासारखा वाळलेला. तुकडा असूनही तो हात खाली गेला. जड होते म्हणून ते खाली येत होते, आणि त्याच भाराने फिरता फिरता हादरून तुटले. तेव्हा तुमचा तराजू आठवला, आणि "तू आपला तेल घाल" हेही आठवले.

तर भावजी, लोखंडात खोट नव्हती. तुमच्या नकाशातही नव्हती. ते पाते साहेबांच्या टेबलावर गेले असते तर तुम्ही त्याच दिवशी सुटला असता, आणि कोंडीबा आपल्या हाताने, आपल्या अडाणीपणाने मेला असे मिलभर झाले असते. तुम्ही हसलात हे कोणी लिहिले नसते. ते मी होऊ देणार नाही.

मग तुम्हाला का कळवते? कळवले नसते तर तुम्ही जन्मभर स्वतःला दोष देत बसला असता. त्यातही माणसाला एक आराम असतो. तो तुम्हाला मिळू नये असे मला वाटते. तुमची आखणी बरोबर होती हे आता तुम्हाला ठाऊक आहे, आणि दाखवायला हातात काही नाही.

आत्याबाई रोज विचारतात, "जोत्याचा कागद आला का गं?" मी न्हाई म्हणते. तुमची सगळी पत्रे चुलीत जातात. आता आलेले हेही जाईल.

पाते माझ्याकडे नाही असे नाही. आहे. गेल्या महिन्यात गल्लीत घिसाडी आले होते. शेंदूर दगडाने खरवडून नाल्यात टाकला आणि पाते त्यांच्या भात्यापुढे धरले. चांगली विळी झाली. लोखंड खरेच उत्तम निवडले होते तुम्ही, धार टिकते. आज त्याच विळीवर गवार चिरली.

कधी आईला भेटायला आलात तर उपाशी जाऊ देणार नाही. त्याच विळीवर भाजी चिरीन, समोर बसून वाढीन, आणि तुम्ही जेवाल. आईसमोर तुम्हाला नाही म्हणता येणार नाही.

नवऱ्याचे नाव बायकोने घेऊ नये म्हणतात. पण आज वर एकदा लिहिले, खाली पुन्हा लिहिते. पुसायला आता कुंकूही नाही.

कोंडीबाची
मथुरा