मुद्देमालातील दरोडेखोर क्रमांक सहाबाबत

प्रति,
मा. पोलीस निरीक्षक साहेब,
शहर पोलीस ठाणे.

विषय : जप्त केलेली चित्रांची पाने परत मिळणे, व फरारी समजला जाणारा सहावा इसम आपणहून हजर होत असल्याबाबत.

संदर्भ : आपण आमच्या सुनेला काल संध्याकाळी दिलेली तोंडी तंबी.

महोदय,

१. मी खाली सही करणारा इसम धंद्याने कुलपे व तिजोऱ्या दुरुस्त करणारा आहे. हे पहिल्याच ओळीत सांगणे म्हणजे हात दाखवून अवलक्षण, पण आपल्याला ते आज ना उद्या कळणारच. माझा हात कापतो, म्हणून मजकूर दुसऱ्याकडून लिहून घेत आहे. ठाण्याबाहेर बसणाऱ्या अर्ज लिहिणाऱ्या गृहस्थांनी बँक, तिजोरी व मफलर एवढे तीन शब्द ऐकताच टेबलाची घडी घातली. तेव्हा घरीच सोय करावी लागली.

२. आमची सून चित्रे काढते. जुन्या गाजलेल्या सिनेमांची टिंगल करणाऱ्या चित्रकथांचे एक पुस्तक तिने तयार केले. त्यात कोर्टातला सिनेमा आहे, पछाडलेल्या हवेलीचा आहे, ताटातूट झालेल्या जुळ्या भावांचा आहे आणि शेवटी बँक लुटणाऱ्या टोळीचा. छापायला कोणी तयार होईना, म्हणून तिने इंटरनेटवर लोकवर्गणी मागितली, आणि भरघोस वर्गणी देणाऱ्याचा चेहरा एखाद्या पात्राला लावू असे कबूल केले. न्यायाधीश कोणालाच व्हायचे नव्हते. सगळ्यांना दरोडेखोरच व्हायचे होते.

३. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तिला काढता येत नाही. त्यामुळे ती बँकेत जाऊन बसली आणि काउंटर, मागचा दरवाजा, तिजोरीच्या खोलीकडे जाणारा बोळ हे सर्व तिने हुबेहूब उतरवले. रखवालदाराने तिला बसायला स्वतःची खुर्ची दिली. पुढे झेरॉक्सच्या दुकानात एक पान विसरले, ते बँकेच्या मॅनेजरांच्या हाती पडले. पानावर त्यांची बँक, पाच ओळखीचे चेहरे आणि तोंडाला मफलर बांधलेला सहावा. सुनेच्या फोनमध्ये त्याच मंडळींनी पैसे पाठवल्याच्या नोंदी. आपल्या जागी मी असतो तर मीही उचलले असते.

४. परंतु साहेब, टोळी कोणाची आहे ते तरी पाहावे. चित्रात गाडी चालवणाऱ्या बाई निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. ठाण्याचा जिना त्यांना दोघांनी धरून चढवावा लागला. "मला पळता आलं असतं तर रोजची बस सुटली असती का?" असे त्या म्हणाल्या, ते आपल्या हवालदारांनी 'पळून जाण्याची इच्छा बोलून दाखवली' असे लिहून घेतले. सुरुंग लावणारे गृहस्थ दंतवैद्य आहेत. गेल्या आठवड्यापासून त्यांच्यासमोर पेशंट तोंड उघडायला तयार नाहीत. पहाऱ्यावरचा शिंपी तर घाबरून आजारी पडला आहे. चोर सोडून संन्याशाला सुळी देतात हे ऐकून होतो. इथे तर चोरीच झालेली नाही.

५. सुनेला आपण तीन वेळा सहाव्याचे नाव विचारले. पैसे 'एक हितचिंतक' या नावाने आले, तोंड झाकून काढावे एवढीच अट होती, बाकी माहीत नाही, असे तिने तिन्ही वेळा सांगितले. उद्या सकाळपर्यंत नाव न आल्यास तिला आत घेऊ आणि पाने खटला संपेपर्यंत मुद्देमालात राहतील, असे आपण बजावले आहे. शनिवारी पाने छापखान्यात पोचली नाहीत तर वर्गणी ज्याची त्याला परत जाईल आणि पुस्तक बुडेल. आपल्या मुद्देमालाच्या खोलीचे छत गळते, तिथले कुलूप आपल्या आधीच्या साहेबांच्या वेळी मीच बसवले आहे, म्हणून मला ठाऊक. मला भीती वाटते, साहेब. कर नाही त्याला डर कशाला, हे म्हणणाऱ्याला कोणी ठाण्याच्या बाकावर बसवलेले नसावे.

६. सबब कळवतो की, सहावा इसम मी आहे. चित्रांनी चूल पेटत नाही, हा पोरखेळ बंद करा, असे मी घरात पाहुण्यांदेखत बोललो आहे. नंतर एके दुपारी घरात कोणी नसताना पाने चाळली. हवेलीतले भूत स्वतःच आत अडकते आणि कुलूपवाल्याला बोलावते, तिथे मी इतका हसलो की ठसका लागला आणि शेजारीण पाणी घेऊन धावत आली. काम चोख होते. पण बोललेला शब्द गिळणे मला जमत नाही. म्हणून चौकातल्या मोबाइलच्या दुकानातून वर्गणी पाठवली आणि तोंड झाकायची अट घातली.

७. काल हवालदारांनी ते पान माझ्यापुढे धरून "याला ओळखता का?" असे विचारले. मी नाही म्हणालो, ते मागे घेतो. चित्रातला इसम डावा पाय दुमडून तिजोरीसमोर बसला आहे, किल्ल्यांचा जुडगा करंगळीत अडकवला आहे, आणि तो म्हणतो, "असले धंदे मला मुळीच पसंत नाहीत. आता आलोच आहे, तर बॅटरी नीट धरा." मीही कामाला असाच बसतो. सुनेने हे कुठून उचलले कोण जाणे. सगळेच कुलूपवाले असे बसत असतील.

८. तरी अटक करायची तर मला करावी व पाने तिच्या हवाली करावीत. पुराव्यासाठी एखादे पान ठेवणे भागच असेल तर कोर्टाचे ठेवावे, जुळ्या भावांचे ठेवावे. हे ठेवू नये. मला ते नीट पाहायचे आहे.

आपला नम्र,
(सही)
कुलूपवाला, म्हणजेच दरोडेखोर क्रमांक सहा
गुरुवार, संध्याकाळ

सोबत : १) मोबाइलच्या दुकानाची पावती. २) मफलर एक, चित्रातलाच. घरात दुसरा नाही, तेव्हा काम झाल्यावर परत मिळावा.

लेखनिकाची नोंद : वरील मजकूर माझ्या सासऱ्यांनी सांगितला तसाच मी लिहिला आहे. मुद्दा सहा त्यांनी खिडकीकडे तोंड करून सांगितला. 'सहावा कोण ते माहीत नाही' हा माझा तिन्ही वेळचा जबाब खोटा होता, तो कृपया दुरुस्त करून घ्यावा. ठसक्याची हकीकत शेजारणीने मला त्याच संध्याकाळी सांगितली होती, आणि हितचिंतकाची वर्गणी त्यानंतर आली. त्यांचा धंदा कळला तर तुम्ही त्यांनाच धराल, म्हणून मी बोलले नाही. तोंड झाकायची अट होती, ती मी पाळली. बसायची पद्धत झाकायला कोणी सांगितले नव्हते.
(सही) सून