जोडीनं सत्कार

२ फेब्रुवारी, गोंडपिपरी
सकाळी अंगणात. समोरच्या पळसाला पहिला लाल ठिपका. आठवीला पळसावरची एक कविता शिकवायचो, टेबलावर ताल धरून. सुधन पहिल्या बाकावर. त्याला शिकवावी लागायचीच नाही, चाल कानावर पडली की पाठ. आता तो डॉक्टर सुधन, शहरात लोकसाहित्याचा प्राध्यापक. आणि मी आमच्या लोकसाहित्य मंडळाचा म्हातारा अध्यक्ष.

सचिव बंडूभाऊ आले. २२ला चंद्रपूरला चर्चासत्र. सु.चा निबंध ठरलेला आहे: आमच्याकडच्या दंडार या लोकनाट्यात बाईचं सोंग घेणारे पुरुष. बं. म्हणाले, "सर, निबंध फसकिलास हाय. फक्त शेवटचा भाग काढाले सांगा त्याले."

शेवटचा भाग वाचलाय मी. सोंग उतरल्यावर ती माणसं कशी जगली, त्यातली काही पुरुषावरच जीव लावून कशी म्हातारी झाली, गावानं किती सांभाळलं, किती छळलं. आणि शेवटी सु.नं स्वतःबद्दल लिहिलंय, आडपडदा न ठेवता.

आमच्या विषयानं घागऱ्याचा घेर लिहिला, घुंगरांचे प्रकार लिहिले. दंडार सुटल्यावर तो माणूस कुठं जातो, ते मात्र...

५ फेब्रुवारी
सु.चा फोन. "सर, कापणार नाही. माझ्या हाताखाली शिकणाऱ्यांत एकदोघं माझ्यासारखीच आहेत. लपून राहतात. आज मी कापलं तर ती या विषयात जन्मभर स्वतःला कापत बसतील."
मग म्हणाला, "आणि रोशन सोबत येईल."

रोशन मोहर्लीला सफारीची जिप्सी चालवतो. सु.चा जोडीदार. मला ठाऊक आहे, घरी हिलाही. दोघं आमच्याकडे जेवून गेलेत. रोशन वाघाला भीत नाही, अस्वलाला भितो. ही अजून चिडवते त्याला.

पेच असा की मंडळाचा रिवाज जोडीनं सत्कार करायचा. अभ्यासकाला शाल-नारळ, शेजारी बायकोला बसवून तिची ओटी. रिवाज माझाच. घरातून कुणी पाठीशी उभं राहतं म्हणून हा गावोगाव फिरू शकतो, असं भाषण ठोकून सुरू केला होता. मग रोशनएवढं पाठीशी कोण उभं राहिलं? सु.ची निम्मी गावं त्याच्याच गाडीतून झाली.
हिला विचारलं, आता ओटीचं कसं?
"ओटी कायले? दुसरी शाल आना."
झालं. मी आपला दिवसभर येरझारा घालत होतो.

९ फेब्रुवारी
घोटाळा. बं.नी पत्रिका छापून आणली, फोनवरही सगळ्यांना पाठवली. दरवर्षीसारखीच: "डॉ. सुधन (सपत्नीक)". सोबत रोशन येणार हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. हात सवयीनं चालला.
बाजारात जो तो मलाच धरतो. "सर, सुधनचं लगन कवा झालं? ना जेवन, ना काई!" किराणावाल्याच्या बायकोनं तर नवरीसाठी ब्लाउजपीस हातात दिला. घेऊन आलो. काय सांगणार?

१० फेब्रुवारी
व्हायचं तेच. सु.ची आई, ताराबाई, गावाहून आल्या. उंबऱ्यातूनच, "गुरुजी, पोरानं लगन केलं अन् मले मालूम नाई? पोरगी कोनाची हाय?"
ही चहा करायला आत गेली ती लवकर बाहेरच येईना.
म्हणालो, "लग्न नाही झालं. छपाईत चुकलं."
"मंग संग कोन येनार हाय?"
पळसाकडे पाहिलं. "सुधनलाच विचारा, बाई."
चहा सावकाश प्याल्या. बशी पालथी घातली. गेल्या.
बरोबर केलं का? त्याचं सांगणं त्याचंच. पण तिला असं रिकामं धाडायचं...

१३ फेब्रुवारी
सु. गावी जाऊन आला. रोशन गाडी घेऊन बांधापाशी थांबला होता, घरात नाही गेला. फोनवर सु.चा आवाज वर्गात असायचा तसा बारीक. "सगळं सांगितलं, सर. आई ऐकत राहिली. मग विळा घेऊन शेतात लाखोळी कापायला निघून गेली. आता फोन उचलत नाही."
आणि, "ती बोलत नाही तोवर मी स्टेजवर चढणार नाही. मी काय, निबंध वाचून निघून जाईन. गावात ऐकावं तिला लागेल."
इतक्या कविता पाठ. एक ओळ कामाला आली नाही. "जेवलास का?" एवढंच विचारलं.

१६ फेब्रुवारी
बं. पुन्हा. आता नवीन युक्ती. "सुधन बिमार हाय म्हनून सांगून देऊ. तसल्या गोष्टीले कालेजचे प्राचार्य हॉल देनार नाई."
"तसल्या म्हणजे कसल्या, बंडूभाऊ?"
"आता तुमाले का सांगू, सर."
"मग अध्यक्षही बिमार समजा."
हसले. मी हसलो नाही, तेव्हा थांबले.
म्हटलं, "परवाच्या दंडारीत त्या साडीतल्या गड्याला बक्षीस देताना तुमच्या डोळ्यांत पाणी होतं."
"ते स्टेजवर व्हतं, सर."
"तेच तर लिहिलंय त्यानं."
टोपी घालून गेले. रागावले की विचारात पडले, कळलं नाही. प्राचार्यांशी बोलतो म्हणाले खरं.

२० फेब्रुवारी
सु. येणार की नाही ठाऊक नाही, तरी त्याचा परिचय लिहायला घेतला. आधी वृत्तात. पहिल्याच कडव्यात सु. फार गोंडस झाला, जिप्सी तर कुठल्याच मात्रेत बसेना. खोडलं. साधं लिहिलं: हा माझा विद्यार्थी, हा त्याचा जोडीदार रोशन.
मोठ्यानं वाचून पाहिलं. पुन्हा वाचलं. ही आतून, "जोरानं म्हना, मांगे आयकू जात नाई."
हॉलचा निरोप नाही. सु. मोहर्लीला, रोशनकडे.

२१ फेब्रुवारी
दुपारी ताराबाई. खांद्याला लाखोळीच्या डाळीची थैली.
"गुरुजी, उद्या कवा हाय?"
"अकराला."
बसल्या. खाटेवर हिनं दोन शाली काढून ठेवलेल्या, एक जाड, एक पातळ. कुणाच्या ते त्यांनी विचारलं नाही. बोटांनी पोत पाहत राहिल्या.
"जाडी रोशनले द्या. सकायच्या थंडीत उघडी गाडी चालवते तो. सुधन का, कालेजात पंख्याखाली उभा रायते."
हिनं जाड शाल वर ठेवली.
"दिवाईले छपरावरचे गयके कवेलू त्यानंच फेरले. मी म्हनो, दोस्ताच्या घरासाठी कोनी येवढं करते का?" मग आवाज खाली आणून, "पोराले बोलाची व्हती, गुरुजी. शब्दच नाई सापडला."
"मलाही नाही सापडला."
"तुमी त मास्तर!"
ही हसली, मग त्याही.

सु.ला फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. रोशनचाही तसाच. मोहर्लीच्या पलीकडे जंगलात शिरले की रेंज नाही. हॉलचं विचारायला बंडूभाऊंनाही लावला, ते उचलत नाहीत.
ताराबाई आज इथंच राहणार. त्यांनी हात पदराला पुसून ठेवलाय, फोन घ्यायला.
"लावा अजून," म्हणतात.
लावतोय.