रॅम्पसमोरची गाडी

६ मे, मंगळवार

कापलं! पुन्हा कापलं.

पालिकेच्या महिन्याच्या पत्रकात रहिवाशांच्या प्रश्नांना उत्तरं असतात. ती मी लिहायची आणि साहेबांनी त्यांचा लगदा करायचा — अशी आमची कामाची वाटणी. एका आजोबांनी विचारलं होतं, बागेचं फाटक सकाळी बंद का असतं? मी चौकशी केली. किल्ली ज्याच्याकडे होती त्याची बदली झाली आणि तो किल्ली खिशात घालूनच गेला. तसं लिहिलं. नवी किल्ली करायला टाकली आहे, हेही लिहिलं. आणि छापून काय आलं? 'सदर बाब संबंधित विभागाच्या निदर्शनास आणून देण्यात आली आहे.' अहो, संबंधित विभाग म्हणजे कोण? मी आणि तुम्हीच ना!

बंद दिवा, न येणारी कचऱ्याची गाडी — सगळ्यांना तेच एक पांघरूण.

९ मे, शुक्रवार

शिवणकाम करणाऱ्या बाईंचा प्रश्न परत आला. सलग तिसऱ्या महिन्यात. नवऱ्याला अर्धांगवायू झालाय, त्याला व्यायामासाठी आपल्याच पालिकेच्या दवाखान्यात न्यावं लागतं. दवाखान्याला रॅम्प आहे, पण रॅम्पच्या तोंडाशी रोज एक पांढरी गाडी उभी. चाकाची खुर्ची वर जात नाही. 'गाडी कोणाची आहे?' — एवढंच विचारलंय. आधी दोनदा आमचं उत्तर गेलं: 'पार्किंगचे धोरण विचाराधीन आहे.'

दवाखाना ऑफिसला लागूनच, म्हणून जेवणाच्या सुट्टीत स्वतः जाऊन आले. ड्रायव्हर गाडीत पाय पसरून मोबाईल बघत होता. इथे का लावता, विचारलं. अगदी सरळ मनाने म्हणाला, वर पत्रा आहे ना मॅडम, गाडी तापत नाही.

गाडी आपल्या अध्यक्षांची!

म्हणजे अध्यक्षांची सीट गार राहावी म्हणून आजारी माणसाला खुर्चीसकट पायऱ्यांवरून उचलायचं. तळपायाची आग मस्तकात गेली. परत येऊन जेवले नाही.

१२ मे, सोमवार

सरळ लिहिलं. 'ती गाडी पालिकेच्या अध्यक्षांची आहे. रॅम्पसमोर गाडी लावणे नियमाविरुद्ध आहे.' दोन वाक्यं.

साहेबांनी दोन्हींवर रेघ मारली. म्हणाले, असं लिहीत नसतात.

मी म्हटलं, खोटं आहे का?

"खरं की खोटं, असं मी विचारलं का?" आणि पुढचा कागद ओढला. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, इतकं चिडायचंच असेल तर आधी पगार वाढवून माग. हसायला आलं. मग परत चीड आली.

१३ मे

रात्रभर मनातल्या मनात साहेबांशी भांडले. सगळी भांडणं मीच जिंकले. काय उपयोग!

२० मे, मंगळवार

बाई स्वतः आल्या. शिपायाने माझ्या टेबलाशी आणून बसवलं. ब्लाऊजला टाचण्या तशाच टोचलेल्या, म्हणजे काम टाकून आल्या होत्या. काल रस्त्यावरच्या दोघांनी खुर्ची उचलली, एकाचा पायरीवरून पाय चुकला. नवरा पडला. मनगट मोडलं — आणि तेही चालत्या हाताचं! आता पाण्याचा पेलाही धरता येत नाही. हे सगळं त्यांनी आवाज न चढवता सांगितलं. मीच टेबलाची कड धरून बसले होते.

यावेळी काय उत्तर देणार, असं विचारलं. माझ्याकडे साहेबांनी बदललेला कागद होता. लपवणार कशी? दिला. त्यांनी सावकाश वाचला.

"ताई, मी गाडी कोणाची ते विचारलं. धोरण नाही विचारलं."

मला राहवलं नाही. गाडी कोणाची ते सांगून टाकलं. तर म्हणाल्या, "ते अख्ख्या गल्लीला माहीत आहे. पोलीस म्हणतात, पालिकेकडून लेखी आणा, मग उचलतो. तुम्ही फक्त लिहून द्या."

साहेबांच्या केबिनचं दार उघडं होतं. शब्द न् शब्द आत जात होता. साहेबांनी मान वर केली नाही. कपाटात फाइल शोधत राहिले. असं डोळ्यांवर कातडं ओढून बसायला किती वर्षं सराव करावा लागतो कोण जाणे! बाई गेल्यावर मला एवढंच विचारलं की शिपाई चहा आणायला गेलाय का.

२६ मे, सोमवार

आज सांगून टाकलं. बाकीची उत्तरं आणून ठेवली आणि म्हटलं, या एका प्रश्नाखाली जागा मोकळी सोडली आहे. धोरण माझ्या हाताने लिहिणार नाही. तुम्हाला लिहायचं तर तुम्ही लिहा.

वाटलं, ओरडतील. मेमो देतील. मी तयारीने गेले होते. तर नुसतं "बरं" म्हणाले.

बरं! भेकड माणूस. याच्याशी भांडण करायचीसुद्धा सोय नाही.

नवऱ्याने विचारलं, आणि तुझी बदली केली तर? म्हटलं, करू देत. तो म्हणाला, मग ठीक आहे, आणि भाजी चिरायला बसला. त्याचं 'ठीक आहे' आणि साहेबांचं 'बरं' — शब्द सारखेच, पण माणसामाणसांत फरक असतो.

३० मे

पत्रक छापायला गेलं. मला दाखवलं नाही. दाखवतील कशाला? विचाराधीन, विचाराधीन, विचाराधीन.

२ जून, सोमवार

ऑफिसात बसूनच लिहिते आहे.

पत्रक आलं. बाईंच्या प्रश्नाखाली: 'गाडी पालिकेच्या अध्यक्षांची आहे. मी स्वतः जाऊन पाहिली. ती तिथे लावणे नियमाविरुद्ध आहे. यापूर्वीची दोन्ही उत्तरे प्रश्न टाळण्यासाठी दिली होती. ती माझी होती.' खाली साहेबांचं पूर्ण नाव, हुद्दा. माझा कुठे उल्लेखही नाही.

सकाळपासून ते अध्यक्षांच्या केबिनमध्ये आहेत. दार बंद आहे. सगळे जेवून आले. मी डबा उघडलेला नाही. ते बाहेर आले की दोघं जेवू.