पियानो विकून आणलेले स्पीकर आणि बाकी मालमत्ता

मी, खाली सही करणारी, वय वर्षे शहात्तर, दातांच्या कवळ्या बनवण्याच्या कामातून निवृत्त, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. आणण्याची कोणाची छातीही नाही. पूर्वी केलेले मृत्युपत्र मी फाडलेच आहे, आज ते रीतसर रद्दही करते. त्यात मी फारच गोड बोलले होते.

१. राहते घर, म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्या, माझ्या सुनेच्या नावे करावे. चिरंजीवांच्या नावे नाही. ते बापाच्या वळणावर गेले आहेत. घर हाती आले की आधी भिंतींना आवाज शोषणाऱ्या गाद्या ठोकतील आणि मग बायकोला विचारतील. सुनेने त्यांना घरात ठेवावे की कसे, हा तिचा प्रश्न.

२. बँकेतली शिल्लक दोघांनी निम्मी निम्मी घ्यावी. भांडू नये, भांडण्याइतकी ती नाही.

३. मेण कोरायच्या सुऱ्या, चिमटे आणि लहान दिवा ही माझी हत्यारे, कामावर माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारीला द्यावीत. तिने ती दंतवैद्याला उसनीही देऊ नयेत.

४. दंतवैद्य कोण, हे आता लिहिणे भाग आहे. माझ्या कैलासवासी पतींचा हा शाळासोबती. त्याच्या पेशंटांच्या कवळ्या मीच करत असे. यांना आणि त्याला मिळून एकच नाद: पियानोचा एक सोनाटा, तीन भागांचा. तो ज्याने ज्याने वाजवला, त्याची त्याची रेकॉर्ड आणायची आणि दर रविवारी दुपारी एकीशी दुसरी ताडून पाहायची. "इथे ऐक, इथे हा घाई करतो." "आता हिचं ऐक." माझे काम चहा देणे आणि दार ओढून घेणे. बाहेरून.

मी या घरात आले ती आत्याचा पियानो घेऊन. तोच सोनाटा मीही वाजवत असे. पहिला भाग पुरता, दुसरा निम्मा. तिसरा नुसता पाहून ठेवला होता. एका संध्याकाळी कामावरून आले, तर पियानोच्या जागी माझ्या छातीएवढे दोन स्पीकर उभे.

हे म्हणाले, "अगं, खोलीत दोन्ही कसे मावणार? आणि तू वाजवतेस त्याहून यातून कितीतरी चांगलं ऐकू येईल."

दंतवैद्य बाजूला उभा राहून हसत होता. पियानो त्यानेच घेतला होता, त्याच्या मुलीसाठी. मुलीचा उत्साह दोन महिन्यांत आटला आणि त्यावर कुंड्या आल्या. कवळ्या पोचवायला त्याच्या घरी गेले की मला झाकणावरचे पाण्याचे डाग दिसत. एकदा न राहवून मी रुमालाने पुसू लागले. त्याची बायको म्हणाली, "राहू द्या हो, जुनाच आहे."

५. हे गेले. चौथ्या दिवशी दंतवैद्य रिकामी खोकी घेऊन दारात हजर.

"वहिनी, तो म्हणाला होता, माझ्यामागे सगळ्या रेकॉर्ड तुझ्या."

"लिहून दिलंय?"

"मित्रामित्रांत लिहून देतात का?"

"मग पियानो परत द्या आणि रेकॉर्ड घेऊन जा."

"विकलेली वस्तू परत मागतात का कुठे?"

"मग न विकलेली तुम्ही कशी मागता?"

खोकी आली तशी गेली. पुढच्या रविवारी तो खोक्यांशिवाय आला. "निदान ऐकवाल तरी?" त्याचे विनवणारे तोंड बघायला मजा वाटली, म्हणून मी त्याला आत घेतले. तेव्हापासून तो दर रविवारी येतो, आणि कोणती रेकॉर्ड लावायची ते मी ठरवते.

आमच्या यांची आवडती रेकॉर्ड म्हणजे 'घड्याळजी'. सुरुवातीपासून शेवटपर्यंत केसभर हलत नाही. ऐकताना हिशेब तपासल्यासारखे वाटते. दंतवैद्याची 'म्हातारी'. एका बाईने उतारवयात वाजवलेला सोनाटा; एकेक सूर ती काचेचे भांडे ठेवावे तसा ठेवते. माझा 'खोकलेवाला'. भरल्या सभागृहात ध्वनिमुद्रित झालेला. संथ भागात कोणीतरी खोकते, वाजवणाऱ्याचे बोट चुकते, आणि त्यानंतर तो असा वाजवतो, जणू आता गमवायला काही उरलेच नाही.

"ही रेकॉर्ड आहे की दवाखाना?" दंतवैद्य म्हणे.

"तुमच्या म्हातारीला दात नाहीत, म्हणून तुम्हाला ती मऊ लागते."

वर्षानुवर्षे कोणी माघार घेतली नाही. लोक म्हणत, चला, म्हातारपणी दोघांना सोबत झाली. सोबत कसली! मी वैऱ्याला घरी बोलावून चहा पाजत होते.

६. गेल्या हिवाळ्यात तो आजारातून उठून आला, म्हणून मी म्हातारी लावली. दूध उतू जाईल म्हणून आत गेले, आणि तिथे लक्षात आले की स्पीकरचे बटण दाबायचे राहिले. परत आले तर रेकॉर्ड फिरत होती. खोलीत सुईची बारीक चिरचिर, बाकी कसलाच आवाज नाही. दंतवैद्य डोळे मिटून बसला होता. गुडघ्यावर बोट चालले होते, आणि ते जिथल्या तिथे पडत होते. मी दारातच उभी राहिले. रेकॉर्ड संपून सुई उचलली जाईपर्यंत उभी होते.

त्याने डोळे उघडले. "पाहिलंत, वहिनी? काय डावा हात आहे! आज तरी कबूल करा."

त्याला ऐकू येत नव्हते. कधीपासून, कोण जाणे. बरेच दिवस तो बोलताना माझ्या तोंडाकडे टक लावून बघे; मला वाटे, हा आता वादाला घाबरतो. जन्मभर या माणसाला तोंडघशी पाडायची संधी मी शोधत होते, आणि ती ताटात वाढून आली होती.

मी त्याच्या समोर गेले, ओठ नीट दिसतील अशी उभी राहिले आणि म्हणाले, "कबूल."

त्या एका शब्दाचा मला अजून संताप येतो. पहिले मृत्युपत्र त्याच रात्री फाडले.

७. सबब, सर्व ध्वनिमुद्रिका, कपाट आणि दोन्ही स्पीकर दंतवैद्याला द्यावेत. चिरंजीवांनी ते स्वतः त्याच्या घरापर्यंत वाहून न्यावेत आणि जोडून द्यावेत. खोकलेवाला सर्वांत वर ठेवावा. हे बक्षीस समजू नये. मी त्याला माफ केलेले नाही, आणि माझ्यामागे कोणी माझ्या वतीने करूही नये.

८. हे वाचायला चिरंजीव सगळ्यांना जमवतील. दंतवैद्यही येईल, पुढे बसेल आणि प्रत्येक वाक्याला मान डोलावेल. चार ते सात ही कलमे मोठ्याने वाचू नयेत. कागद त्याच्या हातात द्यावा, आणि तो वाचत असताना त्याच्याकडे कोणी पाहू नये.

सही: मृत्युपत्र करणारी

साक्षीदार:
वरच्या मजल्यावरची नर्सबाई (सही)
कोपऱ्यावरचा चष्मेवाला (सही)

दोघांनी मला सही करताना पाहिले. मजकूर मी त्यांना वाचू दिलेला नाही.

स्थळ: राहते घर, मागची खोली
दिनांक: १७ फेब्रुवारी २०१९, रविवार, दंतवैद्य यायच्या आत