चादरीचं दुसरं टोक

ती. आईस,

लेकीचा वाकून नमस्कार. मी मजेत आहे, पोटभर जेवते.

हॉटेलच्या लॉन्ड्रीत मी आणि माझी जोडीदारीण मिळून चादरींच्या घड्या घालायचो, तिथेच इंग्रजीही घोटायचो. शिकवणीच्या बाई सांगतात, 'इज'पुढे अर्थ पुरा करणारा शब्द, म्हणजे पूरक, नसेल तर वाक्य लोंबकळतं. म्हणून एका टोकाला मी 'द शीट इज' म्हणायची, दुसऱ्या टोकाची जोडीदारीण 'क्लीन' म्हणत पुढे यायची. टोकाला टोक, वाक्य पुरं! मुकादमबाई मागे असली की 'शी इज'ला दोघी जोरात 'काइंड' म्हणायचो.

सोमवारपासून जोडीदारणीची पाळी बदलली. एकटीलाही जमतं गं, चादर जरा जमिनीला लागते इतकंच.

तुझे गुडघे कसे आहेत? आणि घरच्या चादरीचं माझं टोक आता कोण धरतं?

तुझीच,
धाकटी